सापाची अंडी आणि आपला उन्हाळा: इन्क्युबेटर निवडण्याआधी हे वाचा

मे महिन्यात कुणाच्या तरी शेतात जेसीबी लागतो, जुना उकिरडा किंवा विटांची थप्पी हलते, आणि खालून पांढऱ्या, लांबट, एकमेकांना चिकटलेल्या अंड्यांचा घोस निघतो. लगेच आपल्याला फोन येतो. नव्या सर्पमित्राला साप धरायला कुणीतरी शिकवलेलं असतं, पण या घोसाचं काय करायचं हे शिकवलेलं नसतं.

मलाही नव्हतं. वर्धा जिल्ह्यातल्या एका पाडकामात धामणीची अकरा अंडी मिळाली. वनविभागाला कळवलं, अंडी सांभाळायची जबाबदारी माझ्याकडे आली आणि मी त्या वेळी सगळे करायचे तेच केलं. थर्माकोलचा डबा घेतला, आत बल्ब लावला, बल्बला थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला वीज चालू-बंद करणारी डबी) जोडला आणि तो २९ अंशांवर लावला. थर्मोस्टॅटनं काम चोख केलं. सकाळी दहालाच त्यानं बल्ब बंद केला. पण खोलीच ४१ अंशांवर होती, त्यामुळे दुपारी डब्यात ३७ अंश भरले. दहा दिवसांत अकराच्या अकरा अंडी पिवळी पडून बसली. यंत्रात काही बिघाड नव्हता. मी घेतलेलं यंत्रच आपल्या हवेसाठी नव्हतं.

इन्क्युबेटरबद्दलची, म्हणजे अंडी उबवायच्या पेटीबद्दलची, बहुतेक माहिती थंड देशांतून येते. तिथे अंडी थंडीनं मरतात, म्हणून तिथली यंत्रं ऊब देण्यासाठी केलेली असतात. आपल्याकडे, निदान विदर्भ, मराठवाडा, खानदेशात, अंडी उन्हानं मरतात. यंत्र बघायला दुकानात जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: हे थंड करतं का?

१. आधी ठरवा, अंडी उचलायची गरज आहे का

बहुतेक वेळा नसते. बांधावर, झाडाच्या ढोलीत किंवा पडीक भिंतीत अंडी दिसली आणि तिथे लगेच काही खोदायचं नसेल, तर ती तिथेच राहू द्या. मालकाला समजावून सांगा, वर पालापाचोळा पूर्ववत सारा, खूण म्हणून काठी रोवा. सापाच्या मादीनं निवडलेल्या जागेची बरोबरी तुमचं कुठलंही यंत्र करणार नाही. नागाच्या अंड्यांजवळ मादी असण्याची शक्यता मोठी असते, हेही लक्षात ठेवा. अंडी बघायला वाकलेला माणूस आणि अंड्यांवर बसलेली नागीण, असा प्रसंग मी पाहिलाय.

जागा उद्ध्वस्त झाली असेल, अंडी उन्हात उघडी पडली असतील किंवा पुढच्या तासाभरात तिथे काँक्रीट पडणार असेल, तरच उचलायची.

२. कागदपत्रं: यंत्राच्या आधी ही

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी खराब करणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं येतं. हेतू कितीही चांगला असो, कळवल्याशिवाय घरात ठेवलेली अंडी हा गुन्हा ठरू शकतो. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. तिथे किंवा थेट वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळवा आणि लेखी परवानगी घ्या. ती कोणत्या पातळीवरून मिळणार, हे ते सांगतात.

जवळ ठेवायची कागदपत्रं अशी:

- अंडी सापडल्याचा पंचनामा, त्यात अंड्यांची संख्या आणि जागा
- जागेचे आणि अंड्यांचे फोटो, शक्यतो तारीख-वेळ आणि लोकेशनसह
- वनपरिक्षेत्र कार्यालयाला दिलेल्या अर्जाची पोच असलेली प्रत
- परवानगीचं पत्र
- तुमचं ओळखपत्र
- रोजच्या नोंदींची वही (तिच्याबद्दल पुढे)

आणखी एक पर्याय डोक्यात ठेवा: अंडी स्वतः न सांभाळण्याचा. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर (वन्यप्राण्यांवर उपचार करणारं केंद्र) आहे, पुण्यात कात्रजला सर्पोद्यान आहे. अशी जागा हाताशी असेल तर वनविभागाच्या मार्फत अंडी तिकडे पोचवणं कमीपणाचं नाही. घरच्या यंत्रापेक्षा तिथला अनुभव मोठा असतो.

३. अंडी नक्की कुणाची

मीटरच्या पेटीत सापडलेली वाटाण्याएवढी, गोल, कडक कवचाची अंडी पालीची असतात. दर वर्षी असे चार फोन येतात. सापाची अंडी चामड्यासारखी मऊ आणि लांबट असतात आणि बहुधा एकमेकांना चिकटलेली असतात. घोणस, फुरसं, मांडूळ, हरणटोळ हे साप अंडी घालतच नाहीत, थेट पिल्लं देतात. त्यामुळे ‘घोणशीची अंडी सापडली’ असा फोन आला तर ती दुसऱ्या कुणाची तरी आहेत हे नक्की. आपल्या भागात बहुतेक वेळा ती धामण, दिवड, नाग, तस्कर किंवा कवड्याची निघतात.

जात पक्की कळली नाही तरी यंत्राच्या दृष्टीनं फार बिघडत नाही. या सगळ्यांना २८ ते ३० अंश मानवतात. मी २९ वर लावतो. अजगराला थोडी जास्त ऊब लागते, ३१-३२ च्या आसपास. अजगराची मादी स्वतः अंड्यांभोवती वेटोळं घालून, अंग थरथरवून ती ऊब देते. पण अजगराची अंडी घरी ठेवायच्या भानगडीत नवख्यानं पडूच नये.

जात कळत नसेल तर ती विषारी आहे असं धरूनच पेटी निवडा. अंड्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या क्षणापासून नागाचं पिल्लू विषारी असतं.

४. यंत्राकडून नेमकं काय हवं

कोंबडीच्या अंड्यांचं यंत्र सहज मिळतं, स्वस्त असतं, आणि इथेच नवखा फसतो. त्या यंत्रात दोन गोष्टी उलट्या असतात. एक, ते साडेसदतीस अंशांच्या आसपास चालायला बनवलेलं असतं. आकडा कमी लावता येतो, पण आतली हवा थंड करायची सोय नसते. दुसरी गोष्ट जास्त घातक: त्यात अंडी फिरवणारा ट्रे असतो. कोंबडीचं अंडं फिरवावंच लागतं. सापाचं अंडं फिरवलं तर मरतं. पक्ष्याच्या अंड्यात बलक मधोमध तोलून धरणारे पिळदार धागे असतात, सापाच्या अंड्यात ते नसतात. अंडं घातल्यावर साधारण दिवसाभरात गर्भ वरच्या बाजूला कवचाला आतून चिकटतो. मग अंडं उलटं झालं की तो बलकाखाली दबतो.

म्हणून अंडी उचलायच्या आधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं खूण करा. पेननं नाही, मार्करनं तर नाहीच. घोस चिकटलेला असेल तर तसाच उचला, सुटा करू नका.

चांगल्या यंत्राला माझ्या मते तीन कसोट्या पुरतात. बाहेर ४३ अंश असताना आत २९ राहतात का. मृगाचा पाऊस पडून एका रात्रीत हवा २४ वर आली तरी आत २९ राहतात का. आणि काहीही बिघडलं तर ते थंडीकडे बिघडतं का. नागाची अंडी उबायला साधारण दोन महिने लागतात. मेमध्ये मिळालेली अंडी जुलैपर्यंत तुमच्याकडे राहतात, म्हणजे एकाच घोसाला कडक ऊन आणि झड दोन्ही सोसावी लागतात. नुसतं गरम करणारं यंत्र पहिल्या महिन्यात अंडी मारतं. नुसती थंड खोली दुसऱ्या महिन्यात त्यांना रेंगाळत ठेवते.

तिसरी कसोटी लोक विसरतात. काही तास २५ अंश झाले तर गर्भ हळू वाढतो, एवढंच. तापमान सलग ३३-३४ च्या वर गेलं तर पिल्लाच्या पाठीचा कणा वाकडा होतो नाहीतर अंडं मरतं. त्यामुळे शंका आली की एक अंश खालीच लावा.

५. काय काय मिळतं, आणि माझं मत

*तयार ‘रेप्टाइल इन्क्युबेटर’.* ऑनलाइन दिसतात, देखणे असतात. विकत घेण्याआधी तीन गोष्टी वाचा. व्होल्टेज: अमेरिकेसाठी बनलेलं यंत्र ११० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये ते घातलं की धूर निघतो. नुसता पिन बदलणारा अॅडॉप्टर व्होल्टेज कमी करत नाही, हे लिहावं लागतंय कारण एकानं तसं केलेलं मी पाहिलंय. दुसरं, वर्णनात थंड करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे का. तिसरं, थंड करत असेल तर कशानं. छोट्या यंत्रांत पेल्टियर नावाची चकती असते. ती बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशच खाली जाऊ शकते. ज्या खोलीत कूलर आहे तिथे ती चालते, पत्र्याच्या शेडमध्ये हरते.

*बीओडी इन्क्युबेटर.* हे नाव नव्या सर्पमित्रांनी फारसं ऐकलेलं नसतं, आणि माझ्या मते सगळ्यात विश्वासार्ह यंत्र हेच. सांडपाण्याच्या चाचणीसाठी हे बनवतात. पाण्याच्या बाटल्या त्यात पाच दिवस २० अंशांवर ठेवतात, म्हणून त्यात हीटर आणि कंप्रेसर दोन्ही असतात. बाहेर कितीही तापो, आत ठरवलेलं तापमान राहतं. जिल्ह्याच्या सायन्स कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्र विभागात किंवा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ते असतंच. नवं घ्यायचं तर किंमत पाच आकडी होते. पण उन्हाळी सुट्टीत कॉलेजातलं एखादं यंत्र रिकामं असतं, आणि वनविभागाचं पत्र घेऊन विभागप्रमुखांना भेटलात तर एक कप्पा मिळू शकतो. मला मिळाला. विद्यार्थ्यांनी रोजच्या नोंदीसुद्धा ठेवल्या.

प्रयोगशाळेतच ‘बॅक्टेरिऑलॉजिकल इन्क्युबेटर’ नावाचं दुसरं, तसंच दिसणारं कपाट असतं. ते फक्त गरम करतं. दोन्हींत गल्लत करू नका. मागे कंप्रेसर आहे का, वाकून बघा.

*जुना चालू फ्रिज.* खिशाला परवडणारा हा पर्याय मी स्वतः चार हंगाम वापरतोय. एकदारी जुना फ्रिज, एक एसटीसी-१००० कंट्रोलर (हाही थर्मोस्टॅटच, त्याच्याबद्दल पुढे) आणि ऊब देण्यासाठी मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातला हीटर. हीटर पाणी भरलेल्या काचेच्या बरणीत पूर्ण बुडवून ठेवायचा. तो हवेत उघडा चालू राहिला तर काच तडकते, म्हणून बरणीतलं पाणी दर दोन दिवसांनी बघा. या पद्धतीचा एक छुपा फायदा असा की मत्स्यालयाच्या हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट असतो. तो ३४ वर लावून ठेवा. मुख्य कंट्रोलर अडकला तरी पाणी त्याच्या वर जात नाही, आणि हवा पाण्यापेक्षा खालीच राहते.

फ्रिजचा दरवाजा हवाबंद असतो, म्हणून रोज एकदा तो उघडून हवा बदला. भोक पाडायचा मोह आवरा. भिंतीत गॅसच्या नळ्या असतात.

*थर्माकोलचा डबा.* ऑगस्टनंतर किंवा थंडीत ठीक आहे. कोकणातही, जिथे उन्हाळा दमट असला तरी सहसा चाळिशी गाठत नाही, तिथे चालून जातो. मे महिन्यात विदर्भात नको. आणि डब्यात बल्ब लावायचाच असेल तर आता दुकानात मिळतो तो एलईडी बल्ब ऊब देत नाही, हेही सांगून ठेवतो.

*माठ.* हे यंत्र नाही, पण पहिल्या दोन दिवसांचा खरा आधार हाच आहे. मोठी कुंडी घ्या, तिच्यात ओली वाळू भरा, मधोमध छोटा माठ बसवा, अंड्यांचा डबा माठात ठेवा, वर ओलं गोणपाट टाका. कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनानं माठ छान थंड राहतो. आत थर्मामीटर ठेवा, वाळू वाळू देऊ नका. हवा दमट असली की ही युक्ती लंगडी पडते.

६. थर्मोस्टॅट: खरा इन्क्युबेटर हाच

पेटी कुठलीही असो, अंड्यांचा जीव या छोट्या डबीवर असतो.

डब्ल्यू १२०९ नावाची उघडी हिरवी पट्टी सगळ्यात स्वस्त असते. ती १२ व्होल्टवर चालते आणि तिच्यात एकच रिले (वीज चालू-बंद करणारी आतली कळ) असतो, म्हणजे एका वेळी ती हीटर सांभाळेल नाहीतर थंड करणारं यंत्र, दोन्ही नाही. शिवाय कारखान्यातून येताना तिच्यातला चालू-बंदचा फरक बहुधा २ अंशांवर असतो. तो कमी केला नाही तर तापमान झोके घेत राहतं.

एसटीसी-१००० थेट २३० व्होल्टवर चालतो, मात्र विकत घेताना २३० व्होल्टचाच आहे ना हे बघा. त्यात दोन रिले असतात, एक ऊब देण्यासाठी आणि एक थंड करण्यासाठी. चार सेटिंग्ज समजून घेतल्या की पुरे. एफ१ म्हणजे हवं ते तापमान. एफ२ म्हणजे किती फरक पडल्यावर यंत्रानं हलायचं, हा अर्धा ते एक अंश ठेवा. एफ३ म्हणजे कंप्रेसर बंद झाल्यावर पुन्हा सुरू होण्याआधीची विश्रांती, ही तीन मिनिटांपेक्षा कमी करू नका, नाहीतर फ्रिज लवकर मरतो. एफ४ म्हणजे सेन्सर चुकीचं दाखवत असेल तर करायची दुरुस्ती. वायर जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, अर्थिंगसह. पाणी आणि वीज एकाच पेटीत आहेत.

फ्रिज वापरताना त्याची स्वतःची कळ सर्वांत थंड आकड्यावर ठेवायची, म्हणजे हुकूम कंट्रोलरचाच चालतो.

सेन्सर कुठे ठेवता यावर निम्मं यश आहे. तो पेटीच्या छताला किंवा हीटरजवळ लटकवू नका. अंड्यांच्या डब्यात, अंड्यांच्याच उंचीवर, पण अंड्याला न टेकता ठेवा आणि चिकटपट्टीनं घट्ट बसवा. एकदा माझ्याकडे दार उघडताना सेन्सर ओढला जाऊन बाहेर लोंबत राहिला. यंत्र अख्खी दुपार बाहेरची हवा २९ वर आणायला कंप्रेसर चालवत होतं. आत १९ अंश. थंडीकडे बिघडलं म्हणून अंडी वाचली.

बिघाडांपैकी सगळ्यात वाईट म्हणजे रिले आतून चिकटणं. पडद्यावर ‘बंद’ दिसतं आणि हीटर चालूच राहतो. यावर उपाय म्हणजे वेगळ्या सेन्सरचा दुसरा थर्मोस्टॅट, हीटरच्याच वायरमध्ये एकापुढे एक जोडलेला, साडेएकतीसवर लावलेला. खर्च काही शेकड्यांचा. बरणीतला हीटर वापरत असाल तर त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट हेच काम बऱ्यापैकी करतो, पण मी तरी दोन्ही ठेवतो.

७. पडद्यावरचा आकडा खरा मानू नका

स्वस्त सेन्सर दीड-दोन अंश सहज चुकतो, आणि आपल्याला तेवढी चूक परवडत नाही. दोन सोप्या परीक्षा घ्या. बर्फ कुटून त्यात थोडं पाणी घाला, ढवळा, सेन्सर मधोमध धरा. आकडा शून्याजवळ स्थिरावला पाहिजे. मग कोमट पाण्यात सेन्सर आणि घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर शेजारी शेजारी बुडवा, पाणी ३७-३८ अंशांचं असू द्या. तापाचा थर्मामीटर त्या पट्ट्यात अचूक असतो. दोन्ही परीक्षांत सारखीच चूक दिसली तर एफ४ नं ती भरून काढा. वेगवेगळी दिसली तर सेन्सर बदला.

आर्द्रता मोजणारं यंत्र असेल तर झाकणाच्या डब्यात एका बाटलीच्या बुचात ओलसर मीठ ठेवून त्याच्या शेजारी ते रात्रभर ठेवा. ७५ टक्के दाखवलं पाहिजे.

८. रिकामं चालवा, निदान पाच दिवस

हंगाम सुरू व्हायच्या आधी, म्हणजे मार्चअखेर, हे करून मोकळे व्हा. अंडी आल्यावर यंत्र जोडायला बसलात तर उशीर झालेला असतो.

पेटीत लिटर-लिटरच्या आठ-दहा पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. त्या शेवटपर्यंत तिथेच राहतात. पाणी तापमान धरून ठेवतं, आणि वीज गेल्यावर तुम्हाला तेवढा वेळ मिळतो. कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवणारा साधा थर्मामीटर अंड्यांच्या जागी ठेवा. दुपारी तीन वाजता आणि पहाटे चार-पाचला नोंद घ्या, कारण यंत्राची खरी परीक्षा याच दोन वेळी असते. दिवसभरातला फरक दोन अंशांच्या आत असेल तर यंत्र चांगलं. वरच्या आणि खालच्या कप्प्यातही मोजा, दोहोंत फरक निघतोच. फार निघाला तर कॉम्प्युटरचा छोटा पंखा आत लावा.

मग भर दुपारी मुद्दाम तीन तास मेन स्विच बंद करा आणि आत किती चढतं ते लिहून ठेवा. भारनियमन तुम्हाला विचारून येत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर फ्रिज त्यावर सुरू होतो का, हेही याच वेळी बघा. कंप्रेसर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढतो आणि बरेच घरगुती इन्व्हर्टर तिथेच माघार घेतात. तसं झालं तर वीज गेल्यावर दार उघडायचं नाही आणि बर्फाच्या पाण्याची एक बाटली अंड्यांपासून दूरच्या कप्प्यात ठेवायची, एवढाच मार्ग. व्होल्टेज वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावा.

९. अंड्यांचा डबा

यंत्र पेटीची हवा सांभाळतं, पण ओल सांभाळतो तो आतला प्लास्टिकचा डबा. रोपवाटिकेत मिळणारं वर्मिक्युलाइट घ्या, वजनाला वजन पाणी घालून कालवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण थेंब गळू नये. कोकोपीट स्वस्त आहे, मात्र त्यावर बुरशी लवकर धरते. निम्मं अंडं त्या ओल्या वर्मिक्युलाइटमध्ये रुतलं पाहिजे, पेन्सिलीची खूण वर. झाकणाला सुईनं चार-सहा छिद्रं, जास्त नकोत.

छिद्रं आणि वायरच्या फटी किती मोठ्या आहेत ते आत्ताच बघा. कवड्याचं पिल्लू शाईच्या रिफिलपेक्षा फार जाड नसतं. नागाची अंडी असतील तर डब्याला कडी, पेटीला कुलूप, आणि घरात लहान मूल असेल तर पेटी घरात नाहीच.

लागणारं बाकीचं सामान: मऊ पेन्सिल, छोटी टॉर्च, वजनकाटा, फवारणीची बाटली, जुना चमचा, हातमोजे, वही.

पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, आजी दुधाच्या कपाटाला ठेवायची तशा. मुंग्यांनी एका रात्रीत दिवडीच्या घोसाची चाळण केलेली मी पाहिली आहे, आणि यंत्र मात्र २९ अंश दाखवत शांत उभं होतं.

१०. रोज काय बघायचं

दिवसातून एकदाच दार उघडा. तारीख, दोन्ही वेळचं तापमान आणि काही बदल दिसला असेल तर तो वहीत लिहा. आठवड्यातून एकदा अंधारात, अंडं न उचलता, बाजूनं टॉर्च धरा. आत लालसर रक्तवाहिन्यांची जाळी दिसली की अंडं जिवंत आहे. पिवळट, नुसती पोकळ चमक दिसली तर थांबा, आठवड्यानं पुन्हा बघा. लगेच फेकू नका.

अंड्यावर खळगा पडला तर ओल कमी आहे. डब्याच्या कडेनं कोमट पाणी घाला, अंड्यावर फवारू नका. शेवटच्या आठवड्यात पडलेला खळगा मात्र नैसर्गिक असतो, तेव्हा घाबरून पाणी ओतत बसू नका. मेलेल्या अंड्यावर बुरशी येते, निरोगी अंडं तिच्या शेजारीही तग धरतं. सुटं असेल तर काढा, चिकटलेलं असेल तर तसंच राहू द्या. बारीक माश्या घोंघावू लागल्या तर कुठलं तरी अंडं सडलंय असं समजा आणि झाकणाच्या छिद्रांवर बारीक जाळी लावा.

११. पिल्लं येताना

अंड्याला ब्लेडनं कापल्यासारखी चीर पडते. पिल्लाच्या ओठावरच्या इवल्या दाताचं ते काम. तोंड बाहेर काढून पिल्लू एक दिवस, कधी दोन दिवस तसंच बसून राहतं, आतला बलक ओढून घेत. बाहेर काढायला मदत करू नका. पहिलं पिल्लू निघाल्यावर बाकीची चार दिवसांत निघतात, आणि या काळात तापमानाला हात लावायचा नाही.

पहिली चीर दिसताच वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा. मुक्तता त्यांच्या समक्ष, अंडी जिथे सापडली त्या परिसरात, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर करा, आणि त्याचाही पंचनामा करून घ्या. पहिल्या पंचनाम्यातली अंड्यांची संख्या आणि शेवटच्या पंचनाम्यातली पिल्लं अधिक न फुटलेली अंडी यांचा मेळ बसला पाहिजे. न फुटलेली अंडी परस्पर पुरू नका, त्यांचं काय करायचं तेही लिहून घ्या.

मग डबे साबणानं धुऊन उन्हात वाळवा, बरणीतला हीटर बाहेर काढा, आणि फ्रिजचं दार काडीपेटीएवढी फट ठेवून बांधा. घट्ट बंद ठेवलेल्या फ्रिजात दिवाळीपर्यंत बुरशीचा असा वास बसतो की पुढच्या मार्चमध्ये आठवडाभर धुवावं लागतं.